सातबाऱ्यावरचे नाव : कोकण प्रांत शेतकरी संघाची वाटचाल

अलिबाग तालुक्याचा पोयनाडकडचा भाग खारेपाट म्हणून ओळखला जातो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातखाचरे आणि दोहोंच्या मधे मातीचा बांध. हा बांध माणसांनी घातला, माणसांनीच राखला. उधाणाच्या भरतीला खांड पडली की गाव रात्री-अपरात्री टोपल्या घेऊन धावे. पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी अडवून ज्यांनी ही जमीन पिकाऊ केली, त्यांचे नाव मात्र जमिनीच्या कागदावर नव्हते. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, कोकण प्रांत शेतकरी संघाने जे कार्य उभे केले ते या उणिवेतून उभे राहिले. राबणाऱ्याचे नाव कागदावर यावे, त्याचे श्रम आणि त्याचे घर कायद्याच्या छत्राखाली यावे, हा संघाचा पहिल्यापासूनचा आग्रह होता.

संघापूर्वीची स्थिती समजल्याशिवाय त्याच्या कामाचे मोल कळत नाही. किनाऱ्यावर खोती आणि, खारभूमीच्या बांधांच्या राखणीतून आलेली, शिलोत्री अशा जुन्या पद्धती रूढ होत्या. खोत मुळात सरकारचा सारा गोळा करणारा. पण काळाच्या ओघात तो गावाचा धनी होऊन बसला. १८८० च्या खोती कायद्याने रत्नागिरी आणि कुलाब्याच्या काही भागातील खोतांच्या हक्कांना लेखी चौकट मिळाली. जमीन कसणारे कूळ मात्र वर्षाच्या कबुलायतीवर जगत राहिले. कुठे निम्मे पीक द्यायचे, म्हणजे अर्धेल. कुठे पीक येवो वा बुडो, ठरलेला मक्ता द्यायचा. त्यावर वेठ होतीच. धन्याच्या घरी सरपण पोहोचवणे, त्याच्या वाडीत माडांना पाणी घालणे, लग्नकार्यात राबणे, ही कामे मोबदल्याविना करावी लागत. कर्जाचे व्याज भाताच्या मापातून वळते होई आणि खळ्यावरचे पीक घरी येण्याआधीच संपून जाई.

त्याच काळात देशाच्या दुसऱ्या टोकाला आसामच्या चहामळ्यांत हजारो मजूर एकेका मळ्यात कोंडले गेले होते. काम सोडून जाणाऱ्या मजुराला १८५९ च्या करारभंग कायद्याखाली शिक्षा होऊ शकत असे आणि तो कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडावे लागले. कोकणचे चित्र वेगळे दिसे. इथे कुंपणाचे मळे नव्हते, एका मालकाखाली हजार माणसे नव्हती. तुकड्या-तुकड्यांची खाचरे, नारळ-पोफळीच्या लहान वाड्या आणि त्यांवर विखुरलेली कुळे होती. मळ्यातल्या मजुराला बाहेर जाता येत नव्हते. कोकणातल्या कुळाला कधीही बाहेर काढता येत होते. विखुरलेल्या माणसांना एकत्र आणणे हे म्हणूनच पहिले आणि सर्वांत अवघड काम होते.

ते काम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नारायण नागू पाटील यांनी हाती घेतले. आगरी समाजातून आलेला हा कार्यकर्ता गावोगाव पायी फिरला. १९२७ मध्ये कोकण प्रांत शेतकरी संघाची स्थापना झाली आणि भाई अनंत चित्रे यांनी संघाच्या चिटणीसपदाची धुरा वाहिली. त्याच वर्षी, २० मार्चला, याच जिल्ह्यातील महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता आणि चित्रे व सुरबानाना टिपणीस हे दोघेही त्यात आघाडीवर होते. पाण्याचा हक्क मागणारी चळवळ आणि जमिनीचा हक्क मागणारी चळवळ एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, काही समान सहकाऱ्यांच्या बळावर उभी राहिली. पुढच्या दहा वर्षांत हे दोन प्रवाह एकत्र येणार होते, त्याची पायाभरणी इथे झाली.

१९३० हे वर्ष जिल्ह्याला ढवळून काढणारे ठरले. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर तीन महिन्यांनी, २५ डिसेंबरला, पेण तालुक्यात कुलाबा जिल्हा शेतकरी परिषद भरली. खोती नष्ट करावी, खंडाचे आणि व्याजाचे प्रमाण खाली आणावे, नजराणे व वेठ बंद करावी आणि कुळांची नावे सातबाऱ्याला लागावीत, या मागण्यांना तिथे आकार आला. नावाची मागणी वरवर साधी वाटत असली तरी मालकवर्गाचा सर्वाधिक रोष तिच्यावरच होता. नाव लागले की वहिवाट सिद्ध होते आणि वहिवाट सिद्ध झाली की कुळाला हुसकावणे सोपे राहत नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. परिषदेनंतर सरकारने संघाच्या नेत्यांवर भाषणबंदी घातली. सभा थांबल्या, गावकीच्या बैठका आणि एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जाणारे निरोप थांबले नाहीत.

बंदी उठल्यावर २७ ऑक्टोबर १९३३ रोजी याच खारेपाटातील चरी गावी सभा झाली आणि संपाची घोषणा झाली. गिरणीतला संप मुंबईच्या वाऱ्याने कोकणात परिचित झाला होता. शेताचा संप मात्र नवा होता. योग्य वाटा मिळेपर्यंत मालकाची जमीन कसायची नाही, असा निर्णय परिसरातील २५ गावांनी घेतला. शेतकऱ्याने शेत कसायचे नाही म्हणणे म्हणजे स्वतःच्याच चुलीवर पाणी ओतणे, हे सभेतल्या प्रत्येकाला कळत होते. तरीही हात वर झाले. नांगर दाराशी उभे राहिले, खाचरे पडीक पडली आणि त्या वर्षीच्या खळ्यांवर भाताची रास पडली नाही.

संप एका हंगामात मिटेल असा अनेकांचा अंदाज होता. तो सहा वर्षे चालला. इतका प्रदीर्घ शेतकरी संप देशाच्या इतिहासात क्वचितच आढळेल. ही सहा वर्षे अभिमानाने सांगताना त्यांतली होरपळ लपवता येत नाही. घराघरांत उपासमार आली. डोंगरातून लाकूडफाटा आणायचा, डोक्यावर मोळी घेऊन बाजारात विकायची आणि त्यावर चूल पेटवायची, असे दिवस कुटुंबांनी काढले. या कष्टांत बायांचा वाटा मोठा होता. मोळ्यांचा भार त्यांच्याच डोक्यावर अधिक होता आणि घरातल्या पोरांच्या तोंडी काय घालायचे याचा हिशेबही त्यांनाच करावा लागे. कर्जे वाढली, भांडीकुंडी गेली. दारी येणारी मालकाची माणसे धाक दाखवत, फुटून येणाऱ्याला आमिष दाखवत. तरी गावांची एकी तुटली नाही. संपकाळातील नेत्यांची नावे इतिहासात नोंदली गेली आहेत. ज्यांनी सहा पावसाळे नांगर न धरता काढले, त्या हजारो स्त्री-पुरुषांची नावे बहुतांशी नोंदली गेलेली नाहीत. संघाच्या कार्याचा पाया तेच होते.

१९३४ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर चरीच्या परिषदेला आले. सहकाऱ्यांमुळे जुळलेले दोन प्रवाह आता उघडपणे एक झाले. १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नावातच मजूर असलेल्या या पक्षाने गिरणीकामगार, शेतमजूर आणि कूळ यांना एकाच रांगेत उभे केले. १९३७ च्या निवडणुकीत चित्रे, टिपणीस आणि शामराव परुळेकर हे पक्षाचे प्रतिनिधी मुंबई विधिमंडळात गेले. त्याच वर्षी नारायण नागू पाटील यांनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले. शेतकऱ्यांची बाजू मांडणारे स्वतःचे छापील पान किनाऱ्याला मिळाले आणि संपाच्या वार्ता आता इतरांच्या मर्जीवर अवलंबून राहिल्या नाहीत.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. खोताला भरपाई देऊन त्याचा हक्क संपवावा आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमिनीच्या खातेदाराचा दर्जा द्यावा, असा त्याचा आशय होता. विधेयक लगेच संमत झाले नाही. मग १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. कुलाबा, रत्नागिरी, ठाणे अशा जिल्ह्यांतून हजारो माणसे आली. कोकणची कुळे खाडी ओलांडून, बोटीने आणि पायी, राजधानीच्या रस्त्यावर उतरली आणि शिष्टमंडळाने मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापुढे मागण्या ठेवल्या. चरीच्या खाचरात सुरू झालेला प्रश्न आता सबंध प्रांताचा झाला.

सरकारला दखल घ्यावी लागली. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी चरी परिसराची पाहणी केली आणि १९३९ मध्ये संपकरी कुळांना संरक्षित कुळाचा दर्जा देण्याची भूमिका सरकारने घेतली. त्याच वर्षी मुंबई कूळ कायदा संमत झाला. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन स्वतः कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ मानावे, हे तत्त्व त्यातून कायद्यात आले. संप मिटला, नांगर पुन्हा खाचरात उतरले. कायदा आरंभी मोजक्याच भागांत लागू झाला. सबंध प्रांताला त्याचा लाभ मिळायला १९४६ उजाडले. पण चरीने दिलेली संज्ञा आता शासकीय कागदात वावरू लागली होती.

स्वातंत्र्यानंतर या पायावर इमारत उभी राहिली. २८ डिसेंबर १९४८ पासून मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम अमलात आला. त्याची कलमे वाचताना संघाच्या जुन्या मागण्यांचा पडसाद ऐकू येतो. खंडावर मर्यादा आली. खंडाव्यतिरिक्त कोणताही कर, पट्टी वा सेवा मालकाने घेऊ नये असे ठरले आणि वेठ बेकायदा झाली. कुळाने मालकाच्या जागेवर बांधलेल्या घरातून त्याला सहज काढता येईना. हेच संरक्षण गावातल्या शेतमजुरांच्या आणि कारागिरांच्या राहत्या घरांनाही मिळाले. कुळाने लावलेल्या झाडांचे उत्पन्न कुळाचे, आणि जमीन सोडावी लागल्यास झाडांची भरपाईही त्याची, हे कलम नारळ-पोफळीच्या मुलखात विशेष मोलाचे होते. माड लावणारा हात आणि नारळ खाणारे तोंड वेगळे असण्याचा काळ त्याने मागे टाकला.

पुढची पावले वेगाने पडली. खोती नष्ट करणारा कायदा १९५० मध्ये अमलात आला. तेरा वर्षांपूर्वी विधिमंडळात मांडलेली कल्पना प्रत्यक्षात उतरली. कुलाबा जिल्ह्यापुरते शिलोत्री हक्क रद्द करणारा स्वतंत्र कायदा १९५५ मध्ये झाला. १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसत असलेल्या कुळाने जमीन विकत घेतली असे मानण्यात आले. किंमत शेतसाऱ्याच्या वीस ते दोनशे पटींच्या मर्यादेत ठरवायची आणि कुळाने ती हप्त्यांनी फेडायची. कलम ३२ ग खाली चौकशी, ३२ म खाली खरेदीचे प्रमाणपत्र, हे आकडे कोकणातल्या निरक्षर म्हाताऱ्यांनाही पाठ झाले. आजही अनेक घरांत ३२ म चे प्रमाणपत्र देवघराच्या फळीवर किंवा लोखंडी पेटीत जपून ठेवलेले असते.

या यशातही गळती होती आणि तीही नोंदली पाहिजे. अनेक ठिकाणी कुळांकडून ‘स्वखुशीचे’ राजीनामे लिहून घेण्यात आले. कर्जाच्या दडपणाखाली, शब्दाच्या भिडेखाली किंवा कागद न वाचता आल्यामुळे कित्येकांनी अंगठे उठवले आणि हातची जमीन गमावली. ज्यांची वहिवाट तोंडी होती, ज्यांचे नाव पीकपाहणीत कधी चढलेच नाही, ते प्रत्यक्ष कसत असूनही कायद्याच्या बाहेर राहिले. जिथे संघाचे कार्यकर्ते तलाठ्याच्या दारापर्यंत सोबत गेले तिथे नावे लागली. जिथे सोबत मिळाली नाही तिथे अन्याय राहून गेला. कायदा मिळवण्याइतकेच तो दारापर्यंत पोहोचवणे कष्टाचे असते, हे संघाच्या कार्यकर्त्यांनी या काळात अनुभवले.

१९४७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाची स्थापना झाली आणि संघाची परंपरा किनाऱ्यावर प्रामुख्याने त्या प्रवाहात मिसळली. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. लढ्याची सवय बदलली नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात नवी मुंबई आणि बंदरासाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व मान्य झाले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण परिसरातील २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही यावर शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासह अनेक कार्यकर्त्यांनी या लढ्यासाठी गावे जागी ठेवली होती. मत विचारले गेले ते सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना. ते नाव अनेकांच्या आजोबांनी कूळ म्हणून लावून घेतले होते.

ज्यांच्याकडे कुळाची जमीनही नव्हती, त्यांची वाटचाल अधिक लांब ठरली. देशातील मळ्यांसाठी १९५१ मध्ये मळा कामगार कायदा झाला. पिण्याचे पाणी, शौचालये, दवाखाना, राहती घरे, स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर, मुलांचे शिक्षण, कामाचे ठरावीक तास आणि आजारपणाची रजा हे सारे त्यात होते. पण तो चहा, कॉफी, रबर, सिंकोना आणि पुढे वेलदोडा यांच्या मोठ्या मळ्यांसाठी होता. चौल, नागाव, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या. पोफळीवर चढून शिपुटे उतरवणारा, माडांची आळी खणणारा आणि सुपारी सोलत बसणारी बाई यांना त्या छत्राची सावली मिळाली नाही.

त्यांच्यापर्यंत संरक्षण पोहोचले ते दुसऱ्या वाटांनी. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात शेतीकामाचा समावेश होता. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेल्या रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून राज्यात लागू झाला आणि मागेल त्याला काम हा हक्क ठरला. कामाच्या जागी पाणी, सावली, प्रथमोपचार, लहान मुलांची सोय आणि स्त्री-पुरुषांना समान मजुरी या गोष्टी मजुराने मागायच्या हक्काच्या झाल्या. १९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. कोकणच्या वरकस डोंगरउतारांवर आंबा आणि काजूची कलमे उभी राहिली. खड्डे खणणाऱ्याची मजुरीही त्या योजनेतून आली. हजेरीपत्रकावर चढलेले नाव हा मजुराचा पहिला लेखी पुरावा ठरला.

या भूमिहीनांत कातकरी आदिवासींची स्थिती सर्वांत बिकट होती. कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर आगाऊ रक्कम घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे बांधली जात. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, तरी उचल फेडण्याच्या नावाखाली ती रेंगाळली. १९९० च्या सुमारास रायगडात उभ्या राहिलेल्या सर्वहारा जन आंदोलनाने, उल्का महाजन, सुरेखा दळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमांतून, कातकऱ्यांच्या दळी जमिनींचा, म्हणजे ते कसत असलेल्या वनजमिनींचा, प्रश्न लावून धरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या मागणीला आधार मिळाला. या कायद्याखाली मिळणारा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. चरीच्या संपात मोळ्या वाहणाऱ्या बायांचे नाव कुठल्याही कबुलायतीवर नव्हते. त्यांच्या नातींच्या पिढीतील कातकरी बाईचे नाव आता जमिनीच्या कागदावर येऊ शकते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या वाड्यांत पोफळी आडव्या झाल्या, माड मोडले. नुकसानीचे पंचनामे झाडांचे झाले आणि मदत बागायतदाराच्या खात्यावर जमा झाली, हे रास्तच होते. पण त्या झाडांवर ज्यांचे हात चालत, त्यांचे पुढच्या कित्येक वर्षांचे काम त्याच दिवशी कोसळले होते आणि त्याची नोंद घेणारा रकाना पंचनाम्यात नव्हता. माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही अपघात विमा योजना आहे. तीही नाव नोंदवलेल्यालाच उपयोगी पडते. २०२० च्या नव्या श्रमसंहितेत पूर्वीच्या पिकांखेरीज अन्य पिकांच्या मळ्यांनाही अधिसूचना काढून संरक्षणाखाली आणण्याची वाट ठेवलेली आहे, पण पाच हेक्टरांची अट कोकणच्या वाडीला अजूनही बाहेरच ठेवते.

म्हणून संघाने सुरू केलेले काम आजही चालूच आहे. कूळ कायदा अमलात आहे आणि त्याच्या आधाराने लाखो कुटुंबे महाराष्ट्रात जमिनीची मालक झाली. चरीत दरवर्षी २७ ऑक्टोबरला संपाची आठवण जागवली जाते. सभेला येणाऱ्यांत आता मुंबई-पनवेलला नोकरी करणारी नातवंडेही असतात. सभा संपली की ती बांधावर जातात. खाडीच्या बाजूला भरती चढत असते आणि आतल्या खाचरात कापणीला आलेले भात उभे असते. त्या खाचराच्या सातबाऱ्यावर, कब्जेदाराच्या रकान्यात, त्यांच्या घरातले नाव आहे. वाडीत माडावर चढणाऱ्या माणसाचे नावही अशाच एखाद्या रकान्यात लागेपर्यंत चरीच्या सभेत उठलेला हात खाली घेण्याचे कारण नाही.